गर्भाचं वय नेमकं कुठून मोजायचं? (प्रथम वर्ष एमबीबीएस, भ्रूणशास्त्र)

अर्धवट_डॉक्टर | बुधवार, रात्री ११.४०

मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच ओपीडी दाखवतात. काल आमच्या दहा जणांच्या बॅचला गरोदर बायकांच्या ओपीडीत नेलं होतं. एका ताईंची सोनोग्राफी नुकतीच झालेली, रिपोर्टवर "८ आठवडे ० दिवस". मॅडमनी विचारलं, "सांगा, आत्ता आत काय काय तयार झालं असेल?" मी आदल्याच रात्री आठवा आठवडा घोकलेला. धडाधड सुरू झालो: बोटं सुटी झाली, शेपटी गेली, पापण्या आल्या, भ्रूणावस्था संपत आली.

मॅडमनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "मग लांबी १६ मिलिमीटर का? तू म्हणतोस ते सगळं झालेलं असेल तर ३० च्या आसपास हवी." मागे कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम "शोधून काढ" म्हणून पुढच्या बाईंकडे वळल्या.

रात्री शोधलं. दोन कॅलेंडरं आहेत, एक शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, दुसरं फलनापासून (स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र येण्यापासून), आणि त्यांच्यात दोन आठवड्यांचा फरक आहे एवढं कळलं. ज्या ताई आठ आठवड्यांच्या गरोदर आहेत त्यांचा भ्रूण सहा आठवड्यांचा. ठीक. पण अ‍ॅनाटॉमीवाल्यांचं एक आणि गायनॅकवाल्यांचं दुसरं, हा घोळ ठेवलाय कशाला? एकच ठेवलं तर काय बिघडेल? आणि परीक्षेत कुठलं लिहू?

बाराभानगडी | बुधवार, रात्री ११.५२

मी डॉक्टर नाही, तरी एक शंका. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं म्हणजे पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतानाच गरोदर? ही तर आमच्या खात्यातली मागच्या तारखेची नेमणूक झाली.

ओसरीवरची_शरयू | गुरुवार, सकाळी ६.१०

बाराभानगडी, अगदी तसंच आहे. मागच्या तारखेने नेमणूक, आणि दोन आठवड्यांची सेवा फुकट धरलेली.

अर्धवट, मी तीस वर्षं अ‍ॅनाटॉमी शिकवली, म्हणून तुला अरेतुरे करते. हा घोळ मुद्दाम कुणी घातलेला नाही. एका बाजूला बरणीतला भ्रूण होता, दुसऱ्या बाजूला समोर बसलेली बाई. बरणीतल्या भ्रूणाला कुणी जन्मतारीख विचारू शकत नाही, म्हणून त्याच्या रूपावरून पायऱ्या ठरवल्या. अमेरिकेतल्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या संग्रहावरून पहिल्या आठ आठवड्यांच्या २३ पायऱ्या झाल्या. त्या पायऱ्यांना वय चिकटवलं ते फलनापासून, कारण घडण तिथूनच सुरू होते. समोर बसलेल्या बाईला मात्र फलन कधी झालं ते ठाऊक नसतं. तिला ठाऊक असते एकच तारीख, शेवटच्या पाळीची. तिचा हिशोब तिथूनच सुरू करणं भाग होतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या नेगेलच्या नावाने जो नियम तू पाठ करणार आहेस तो हाच: पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळव, तीन महिने मागे जा, वर्ष पुढचं घे. ती प्रसूतीची तारीख: १० जूनची पाळी असेल तर १७ मार्च. पाळीपासून २८० दिवस, फलनापासून २६६. आणि हे सगळं पाळी २८ दिवसांची आणि बीज चौदाव्या दिवशी सुटलं असं धरून. ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला हा नियम एक आठवडा फसवतो.

भ्रूणशास्त्राच्या पेपरात फलनापासून लिही. पण वहीच्या समासात प्रत्येक घटनेपुढे दोन मिळवून दुसरा आकडा लिहायची सवय लाव. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सक्तीने करायला लावत असे आणि ते मला शिव्या घालत असत. का सक्ती करायची ते एका उदाहरणात सांगते.

न्यूरल ट्यूब, म्हणजे ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती, डोक्याकडून २५व्या आणि शेपटीकडून साधारण २७-२८व्या दिवशी मिटते. तुझ्या पुस्तकात हा "चौथा आठवडा". समासात लिही: सहावा. आता बाईच्या बाजूने बघ. सहावा आठवडा पुरा म्हणजे पाळी चुकून १४ दिवस झाले. कितीतरी बायका तेव्हा "या महिन्यात लांबली वाटतं" एवढंच म्हणत असतात. ती नाव नोंदवायला आली, आपण फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली, तोवर ती नळी मिटून गेलेली किंवा मिटायची राहून गेलेली. गोळी दिवस राहण्याआधी सुरू करायची ती यासाठी. रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर त्याच्या दहापट. समासातला आकडा नसेल तर हे वाक्य तू पाठ करशील, समजणार नाही.

हृदय २२व्या दिवसाच्या सुमाराला धडधडू लागतं. समासात काय लिहिशील ते तूच सांग.

अर्धवट_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ७.२५

२२ + १४ = ३६ दिवस, म्हणजे ५ आठवडे १ दिवस. पण सोनोग्राफीत ठोके सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसतात असं वाचलं.

ओसरीवरची_शरयू | गुरुवार, सकाळी ७.४०

बरोबर. असणं वेगळं, दिसणं वेगळं. म्हणूनच साडेपाच आठवड्यांना ठोके दिसले नाहीत तर शहाणा डॉक्टर बाईला घाबरवत नाही, आठ-दहा दिवसांनी परत बोलावतो.

सदतीस_अंश | गुरुवार, दुपारी १.१५

मी आयव्हीएफ प्रयोगशाळेत काम करते, आयडीवरून ओळखलं असेलच. माणसाचं वय तासांमध्ये मोजणारी बहुधा आम्हीच.

आमच्याकडे फलनाची वेळ पक्की असते, तरी तुमच्या जुन्याच कॅलेंडरात शिरावं लागतं. आम्ही पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी झालेला पेशींचा गोळा, गर्भाशयात सोडतो. त्या क्षणी, अजून तो रुजलेलाही नसताना, बाईच्या फाईलवर गर्भाचं वय लिहितो २ आठवडे ५ दिवस. चौदा अधिक पाच. जोडप्यांना हे समजावताना दर वेळी नवऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. एकाने तर विचारलं होतं, "मॅडम, आम्ही तेव्हा पुण्यात नव्हतोच."

आत काय चाललेलं असतं ते घाईत सांगते, कारण हा भाग पुस्तकात चांगला असतो. फलन बीजवाहक नळीच्या रुंद भागात, अँप्युलात. साधारण तीस तासांनी दोन पेशी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा गोळा, तो गर्भाशयात उतरतो. पाचव्या दिवशी आत पोकळी. सहाव्याच्या सुमाराला कवच फोडून बाहेर आणि रुजायला सुरुवात. रुजला की एचसीजी, म्हणजे गरोदरपणाच्या चाचणीत सापडणारं संप्रेरक. पाळी चुकते तेव्हा भ्रूण दोन आठवड्यांचा झालेला असतो. या दोन आठवड्यांत घातक औषध पोटात गेलं तर बहुतेक वेळा सगळं किंवा काहीच नाही: एकतर गर्भ टिकत नाही, नाहीतर उरलेल्या पेशी भरपाई करतात. "डॉक्टर, दिवस गेलेत हे माहीत नव्हतं, पाळीच्या आधी दाढेसाठी गोळ्या घेतल्या होत्या" असं विचारणाऱ्या बाईला उत्तर देताना हा हिशोब लागतो. त्यानंतरचे आठवडे वेगळे. थॅलिडोमाइड या औषधाने बाळांच्या हातापायांचा घात केला तो फलनापासूनच्या २० ते ३६ या दिवसांतच.

आणि एक असं वय, जे तुमच्या दोन्ही कॅलेंडरांत बसत नाही. गोठवलेला भ्रूण. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये घड्याळ थांबतं. तीन वर्षांनी बाहेर काढला तरी तो पाचच दिवसांचा. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी हेच केलं होतं: भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला आणि मग आईच्या पुढच्या एका पाळीच्या चक्रात सोडला. ती मुलगी ३ ऑक्टोबर १९७८ ला जन्मली. इंग्लंडमधली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी त्याच वर्षी २५ जुलैला जन्मली होती, म्हणजे त्यांचं काम जवळजवळ बरोबरीचं. आपल्याकडे कुणी विश्वास ठेवला नाही, चौकशी समितीने खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ ला बाळ जन्मलं तेव्हा तेच भारतातलं पहिलं मानलं गेलं. पुढे त्याच मुंबईच्या कामातले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मुखर्जींची कागदपत्रं तपासली आणि पहिलेपणाचा मान मुखर्जींचा असं १९९७ मध्ये लिहून छापलं. स्वतःचं पहिलं स्थान स्वतःच्या लेखणीने सोडणारा माणूस आमच्या क्षेत्रात मी दुसरा पाहिलेला नाही.

बाराभानगडी | गुरुवार, दुपारी १.४०

तो पुण्यात नसलेला नवरा माझ्या डोक्यातून जात नाहीये.

अर्धवट_डॉक्टर | गुरुवार, रात्री ९.०५

ताई, हे भारीच. पण मग बीजाचं वय कुठून धरायचं? पुस्तकात लिहिलंय की स्त्रीबीज आईच्या पोटात असतानाच तयार होतं. म्हणजे ज्या बीजापासून मी झालो ते माझ्या आजीच्या पोटात होतं?

ओसरीवरची_शरयू | शुक्रवार, सकाळी ६.००

होय, आणि हे वाक्य सगळेच उद्गारचिन्हासह म्हणतात. तू जरा पुढे जा. ते तिथे नुसतं नव्हतं, अर्ध्या कामावर थांबलं होतं.

मुलगी पोटात पाच महिन्यांची असताना तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्मापर्यंत त्या दहा-वीस लाखांवर येतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाखांवर, आणि उभ्या आयुष्यात बाहेर पडतात जेमतेम चार-पाचशे. बाकीच्या विरून जातात. सगळ्यात मोठी गळती जन्माच्या आधी होते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. आणि उरलेल्या सगळ्या पहिल्या अर्धसूत्री विभाजनाच्या सुरुवातीलाच अडकून बसलेल्या. गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना धरून, वर्षानुवर्षं. बीज सुटायच्या वेळी पहिलं विभाजन पुरं होतं. दुसरं तर शुक्राणू आत शिरल्यावरच. अठ्ठाविसाव्या वर्षी सुटणारं बीज अठ्ठावीस वर्षं आणि वर काही महिने थांबलेलं असतं. इतका काळ धरून ठेवलेली पकड कुठेतरी सैल पडते आणि गुणसूत्रं वाटताना चूक होते. पंचविशीतल्या आईला डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता साधारण साडेबाराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. साठा संपत आला की पाळी थांबते. आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी.

पुरुषांचं उलट, माल कायम ताजा. वयात येईपर्यंत कारखाना बंद, नंतर म्हातारपणापर्यंत चालू. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. यावर तोंडी परीक्षेत माझा आवडता प्रश्न होता: गेल्या महिन्यात तापाने फणफणलेला माणूस आज वीर्यतपासणीचा वाईट रिपोर्ट घेऊन आलाय, काय सांगाल? बहुतेक मुलं औषधांची नावं घ्यायला लागत. "तीन महिने थांबा आणि परत तपासा" असं म्हणणारा विरळा.

ऱ्हस्व_दीर्घ | शुक्रवार, दुपारी ४.३०

आमचा प्रांत भाषेचा, पण राहवत नाही.

मराठीत आपण "नऊ महिने नऊ दिवस" म्हणतो. नेगेलसाहेबांचे नऊ महिने सात दिवस. दोनच दिवसांचा फरक! आणखी एक गंमत: महिना चांद्र धरला तर २९.५३ गुणिले ९ बरोबर २६५.८ दिवस, म्हणजे शरयूताईंचे फलनापासूनचे २६६.

दुसरं असं की "डोहाळे" हा शब्द संस्कृत "दोहद"वरून आला. त्याचा संबंध "द्विहृदया"शी, म्हणजे दोन हृदयं असलेलीशी, जोडतात. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, त्याला इच्छा होऊ लागतात आणि त्या आईच्या तोंडून बाहेर पडतात असं सांगितलंय. चरक हेच तिसऱ्या महिन्यात सांगतो. सुश्रुताच्या शारीरस्थानातच एक झकास वादही आहे: गर्भात आधी काय तयार होतं? शौनक म्हणतो डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य नाभी, मार्कंडेय हातपाय, सुभूती गौतम धड. शेवटी धन्वंतरी निकाल देतात की सगळं एकदमच होतं, बांबूच्या कोंबासारखं किंवा आंब्याच्या फळासारखं. फार सूक्ष्म म्हणून दिसत नाही इतकंच.

म्हणजे हा धागा दोन हजार वर्षं जुना आहे.

ओसरीवरची_शरयू | शुक्रवार, संध्याकाळी ७.१५

ऱ्हस्वदीर्घ, वाद सुंदर आहे. पण चांद्र महिन्यांचा योगायोग योगायोगच राहू द्या, नाहीतर उद्या कुणीतरी त्यावर व्हिडिओ काढेल. आणि नऊ महिने नऊ दिवस म्हणा की सात, ठरलेल्या तारखेला बरोबर जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच.

धन्वंतरींचा निकाल मला पटत नाही. "सगळं आधीपासून आहे, फक्त बारीक आहे" हे म्हणणं युरोपातही बराच काळ चाललं आणि शेवटी हरलं. अवयव आधीपासून नसतात. सपाट तीन थर असतात. ते दुमडतात, सरकतात, शेजाऱ्याने सांगितल्यावर बदलतात. पण कामाला लागणारा पहिला अवयव कुठला असं विचारलंत तर हृदय, आणि तेही चौथ्या महिन्यात नाही, चौथ्या आठवड्यात. माझं मत कृतवीर्याला.

नॉटिंगहॅमचा_नाना | शुक्रवार, रात्री ११.५५

इथे ब्रिटनमध्ये पाळीची तारीख विचारतात, लिहून घेतात आणि पहिल्या स्कॅननंतर विसरतात. डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, ४५ ते ८४ मिलिमीटरमध्ये मोजायची आणि तिच्यावरून तारीख ठरवायची. बाई काहीही म्हणो. भारतात बरेच जण पाळीची तारीख धरून चालतात आणि स्कॅनमध्ये फार फरक आला तरच बदलतात. नवव्या ते तेराव्या आठवड्यात सात दिवसांहून जास्त, त्याआधी पाच. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांची बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात म्हणून हे जमतं. पुढे कुणी आजोबांसारखं उंच, कुणी आजीसारखं ठेंगणं. आठव्या महिन्यातली पहिली सोनोग्राफी तारीख ठरवायला तीन आठवड्यांनीही चुकू शकते.

अर्धवट, तुझ्या समासासाठी आणखी एक. सहाव्या आठवड्यात आतडी पोटात मावत नाहीत म्हणून नाळेत शिरतात आणि दहाव्याच्या सुमाराला परत आत जातात. समासात आठ आणि बारा. म्हणून बारा आठवड्यांच्या आधी नाळेत आतडी दिसली तर ते दोष म्हणून लिहायचं नसतं. मी शिकाऊ असताना एकदा लिहिणार होतो. सिनियरने हात धरला.

सिस्टर_बालाघाट | शनिवार, दुपारी ३.२०

सगळं वाचलं. तुमच्या लोकांकडं तारीख तरी असती.

मी बीड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे. आमच्याकडची निम्मी गावं सहा महिने ऊसतोडीला. बाईला विचारलं, शेवटची पाळी कधी आली, तर म्हणती, "लई दिस झाले." तारीख सांगणारी शंभरात दहा. मग आम्ही सण विचारतो. पोळ्याला होती का पाळी? पुरणाला हात लावला का? घट बसले तेव्हा? सणाला बाजूला बसावं लागलं असलं तर बाई जन्मात विसरत नाही. ही चाल चांगली नाही, पण माझ्या रजिस्टरला तिचाच उपयोग होतो. एक म्हणाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. भिंतीवरचं कालनिर्णय उघडलं, त्या साली पोळा २२ ऑगस्टला. म्हणजे २३ ऑगस्ट, बाळंतपण ३० मे. लिहून टाकलं.

जिला आधीचं लेकरू अंगावर पितंय आणि पाळी न येताच दिवस गेलेत तिचं काय करणार? तिथं हाताने पोट बघायचं. गर्भाशय बेंबीपाशी लागलं तर पाच महिने धरायचे, छातीच्या हाडाला टेकलं तर छत्तीस आठवडे. चोविसाच्या पुढं टेपने जितके सेंटिमीटर तितके आठवडे, एक-दोन इकडं तिकडं. आणि पोरगी पहिलटकरीण असली तर बाळ हललं कधी ते विचारायचं, अठरा-वीस आठवड्याला हलतं. दुसऱ्या खेपेला बायका दोन आठवडे आधीच ओळखतात.

दोन कॅलेंडरं का, असं लेकराने विचारलंय. माझ्याकडं तीन आहेत बाबा. तिसरं सणांचं.

अर्धवट_डॉक्टर | शनिवार, दुपारी ३.४५

सिस्टर, हे आम्हाला कुणीच शिकवत नाही.

रात्रपाळी | रविवार, पहाटे ४.१०

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे, दोन बाळांच्या मध्ये लिहितोय.

सिस्टर, तुमच्या रजिस्टरातल्या त्या तारखेवर आमची पुढची सगळी गणितं उभी असतात. गर्भाच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे हवेचे फुगे मिटू न देणारा पदार्थ, साधारण २४व्या आठवड्यापासून बनायला लागतो आणि पुरेसा होतो ३४-३५व्या आठवड्याला. त्याआधी बाळ येणार असं दिसलं तर आईला स्टिरॉइड द्यायचं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम, बारा तासांनी एक असे चार डोस, २४ ते ३४ आठवड्यांत. हे सापडलं न्यूझीलंडच्या लिगिन्सना, मेंढ्यांवर काम करताना: अपुऱ्या दिवसांची कोकरं जगायला नको होती आणि श्वास घेत होती. १९७२ मध्ये हाउईंबरोबर त्यांनी माणसांतले निकाल छापले. ३४ ही रेघ कुठे पडते ते कोण सांगणार? सिस्टरचा पोळा.

जन्मताना बदलणारं रक्ताभिसरण पुस्तकात छान आहे म्हणून पळत सांगतो. पहिला श्वास, फुफ्फुसांतला दाब पडतो, डाव्या कप्प्यात रक्त वाढतं, दोन कप्प्यांमधली झडप दाबून बंद होते. डक्टस, म्हणजे गर्भात रक्त फुफ्फुसांना वळसा घालून नेणारी वाहिनी, एक ते तीन दिवसांत आवळतो. अपुऱ्या बाळात आवळत नाही, तेव्हा आम्ही औषध देतो. बस.

आता जन्मानंतरचं वय, कारण तुझं कॅलेंडर प्रसूतीला संपत नाही. २८ आठवड्यांना जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याच्या विकासाचं वय सहा महिने नसतं. १२ आठवडे वजा करायचे, उरले सव्वातीन. मान धरणं, बसणं, बोलणं सगळं या दुरुस्त वयाने बघायचं, दोन वर्षांपर्यंत. पण लसींना ही वजाबाकी लागू नाही! लसी जन्मतारखेने. हे उलटं करणारे पालक दर आठवड्याला भेटतात, आणि कधीकधी डॉक्टरही. डोळ्याच्या पडद्याची तपासणीही जन्मापासून तीस दिवसांच्या आत. फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांत. चुकली तर डोळा गेला.

एक मॉनिटर ओरडतोय. आलो.

सदतीस_अंश | रविवार, सकाळी ९.३०

रात्रपाळी, झोपा आता.

सिस्टर_बालाघाट | रविवार, दुपारी २.००

डॉक्टरसाहेबांनी ३४ ची रेघ म्हटली म्हणून एक केस सांगते. अर्धवट, तू सोडव.

२०२४ चा गुढीपाडवा, ९ एप्रिल. ऊसतोडीवरून चार दिवसांमागं परत आलेली बाई कळा सुरू होऊन आमच्याकडं आली. कार्ड, सोनोग्राफी सगळं फडावरच्या कोपीत राहिलेलं. पाळी कधी? म्हणाली, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी. हातानं पोट बघितलं तर टेपवर ३२. आता सांग, स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ का नको?

अर्धवट_डॉक्टर | रविवार, दुपारी २.३५

कॅलेंडर काढलं. २०२३ चा श्रावण १८ जुलैला सुरू झाला, पहिला सोमवार २४ जुलै. तिथून ९ एप्रिल म्हणजे २६० दिवस, ३७ आठवडे १ दिवस. दिवस भरलेत, इंजेक्शनची गरज नाही. पण मग टेपवर ३२ च का? बाळ लहान आहे? पाणी कमी?

ऱ्हस्व_दीर्घ | रविवार, दुपारी २.४०

अरे, कुठला श्रावण?

अर्धवट_डॉक्टर | रविवार, दुपारी ३.१०

अधिक मास!! त्या वर्षी दोन श्रावण होते. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक, १७ ऑगस्टपासून निज. निज श्रावणातला पहिला सोमवार २१ ऑगस्ट. बरोबर २८ दिवसांचा फरक. म्हणजे ३३ आठवडे १ दिवस, आणि टेपशी जुळतं. इंजेक्शन द्यायचं. पण सिस्टर, दोन्हीतला कुठला हे तुम्ही नक्की कसं केलंत? नुसत्या टेपवरून?

सिस्टर_बालाघाट | रविवार, संध्याकाळी ६.२०

टेपवर एकटीवर विसंबायचं नाही. मी विचारलं, "त्या सोमवारी वारुळाला गेलती का?" २१ ऑगस्टला नागपंचमी होती. म्हणाली, "कशाची जाती सिस्टर, बाजूला बसलेली मी. सगळ्या गेल्या, मी घरीच." झालं की मग. पहिला डोस दिला, १०८ बोलावली, जिल्ह्याला पाठवली. तिथं दुसऱ्या दिवशी बाळंत झाली, मुलगी. दोन आठवडे काचेत ठेवली, मग घरी.

दिवाळीत, कोयता घेऊन निघायच्या आधी, आजी घेऊन आली. पोरगी सात महिन्यांची होत आली, टेकूशिवाय बसत नाही, शेजारची त्याच महिन्यातली बसती म्हणून रडायला लागली. मी आजीला सात आठवडे बोटावर मोजून दाखवले आणि म्हटलं, ही अजून साडेपाचचीच आहे, शेजारणीशी मोजू नका. लसींच्या तारखा मात्र जन्माच्याच धरून लाल पेनाने लिहिल्या.

या खेपेला कार्ड पिशवीत स्वतःच्या हाताने घातलं.